आतली माया

साहेब : ...आणि ही तिसरी! बोट लावून बघा. एक टीप काळ्या दोऱ्याची, एक करड्या दोऱ्याची, आणि ही कुठल्या दोऱ्याची ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. एका पँटीच्या पाठीला तीन-तीन टिपा! पँट आहे की शेताचा बांध, दर खेपेला थोडा थोडा सरकवायला?

मास्तर : साहेब, आधी तुम्ही त्या पडद्याआड व्हा बघू. पँट हातात घेऊन नुसत्या शर्टावर उभे आहात. समोर रस्ता आहे, येणारंजाणारं वळून बघतंय.

साहेब : बघू दे. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. लपवालपवी तुमच्या धंद्यात.

मास्तर : मला लाज वाटते हो, दुकान माझं आहे. व्हा आत. बोला तिथूनच. आवाज तर तुमचा पलीकडच्या चौकात जातो.

साहेब : झालो आत. ही धरा पँट. आता उत्तर द्या. मागच्या शिवणीच्या आत हा कापडाचा जाड पट्टा दुमडलाय, तो काय प्रकार आहे? खुर्चीत बसलं की टोचतो.

मास्तर : माया आहे ती.

साहेब : काय आहे?

मास्तर : माया. शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना आम्ही, तिला माया म्हणतात. माणूस उद्या अंगाने भरला तर टीप उसवायची, कापड सोडायचं. कापून टाकलं तर परत सैल करता येत नाही.

साहेब : तीन बोटं माया? एवढी सख्खी आई ठेवत नाही, मास्तर! कापून टाका ती. मला कुठे सैल व्हायचंय?

मास्तर : कापतो, कापतो. बसा तुम्ही. आत स्टूल आहे.

साहेब : थांबा. कापायच्या आधी उसवा. तिन्ही टिपा, माझ्यादेखत. मला पुरावा बघायचाय.

मास्तर : तुमच्यादेखत म्हणजे, तुम्ही तर पडद्याआड...

साहेब : फटीतून दिसतंय मला. उसवा! मी सांगतो काय झालंय ते. तुम्ही मुळात पँट सैल बेतलीत. चुकलात. आणि चूक कबूल करायच्या ऐवजी ती गुपचूप आत दुमडत बसलात, माझ्या बायकोला हाताशी धरून. ती मला सांगते इस्त्रीला दिली, आणि पँट निघते तुमच्या दुकानात! मी काय दुधखुळा आहे?

मास्तर : वहिनींना कशाला मध्ये घेता? कापड आहे, धुण्यात सैल पडतं.

साहेब : कापड धुण्यात आटतं, मास्तर. लोकांना बनवायचंच तर निदान धंद्याला शोभेल असं बनवा. तुमची फीत द्या इकडे. मापाची. पडद्याखालून सरकवा.

मास्तर : निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या अंगातलं वजनमापांचं खातं काही जात नाही हो. अजून खिशात ती पोलादी फीत घेऊन हिंडता?

साहेब : हिंडतो. लोक खिशात देवाचा फोटो ठेवतात, मी खरं माप ठेवतो. हं, ही तुमची, ही माझी. शेजारी शेजारी लावली. बघा! बोटभर ताणलीय तुमची फीत. ही फीत नाही, उन्हात वाळत घातलेली शेवयांची लड आहे.

मास्तर : जुनी आहे. वडिलांच्या हातची आहे. पण साहेब, माणूसही मी हिच्यानेच मापतो आणि कापडही हिच्यानेच. मग कपडा बसतोच की अंगाला.

साहेब : म्हणजे दोन खोटी मिळून एक खरं झालं! धन्य आहे.

मास्तर : आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाला कमरेचा आकडा सांगताना मी अजून बोटभर कमीच सांगतो. माणूस फुलून जातो. जाताना आरशात दोनदा बघतो. त्यात कुणाचं काय गेलं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

साहेब : ती मूठ उघडून मोजायला माझं खातं होतं. आणि काय सापडायचं ठाऊक आहे? वाळू. दर वेळी वाळू. तुमच्यासारख्यांमुळे लोकांची मेंढरं झालीत. कुणी सांगतं तू बारीक आहेस, कुणी सांगतं तुझा मुलगा हुशार आहे, की हे निघाले माना डोलवत. मी माझ्या सख्ख्या मेहुण्याला सोडलं नाही. धान्याचं दुकान होतं त्याचं. पारड्याखाली हात घातला तर मेणाचा गोळा चिकटवलेला. माझ्या हातांनी टाळं लावलं.

मास्तर : ऐकलंय. वहिनींना काय वाटलं असेल?

साहेब : वाटायचं काय त्यात? त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशी पेटवली.

मास्तर : बरं, तब्येत कशी आहे तुमची? हॉस्पिटलात जाऊन आलात म्हणे.

साहेब : हॉस्पिटल? सर्कस आहे ती. जेवण जात नव्हतं म्हणून हिने ओढत नेलं. दारातच नर्स म्हणते, आजोबा, बूट काढून काट्यावर उभे राहा. मी खाली वाकून बघितलं, काट्यावर यंदाची छाप नाही! तपासलेलाच नाही काटा. मी म्हटलं, पोरी, आधी तुझ्या काट्याची छाप दाखव, मग माझ्या बुटांकडे बघ. तरी बुटांसकट उभा राहिलो, तर काय आकडा दाखवला त्याने! शाळकरी पोराचं वजन. हसलो मी. डॉक्टरला तोंडावर सांगितलं, ज्याचा काटा खोटा त्याचं निदान मी ऐकत नाही. आणि बाहेर बाकावर येऊन बसलो.

मास्तर : आणि वहिनी?

साहेब : तिला बसवून ठेवलं आत. असेल काही फालतू. पथ्यपाणी. ती ऐकून घेते, तिला सवय आहे. घरचा काटाही तसलाच निघाला, दिला भंगारात. हल्ली वस्तूच नीट बनत नाहीत, मास्तर. झाल्या का टिपा उसवून?

मास्तर : शेवटची चाललीय. अरे देवा!

साहेब : काय झालं?

मास्तर : काही नाही. सुई टोचली. आलोच हं साहेब, दारात कुणी आलंय...

वहिनी : मास्तर, आहात ना? हा निळा शर्ट घ्या. खांद्यात थोडा आत, आणि गळ्याचं बटण सरकवा. मान दिसते हो त्यात, विहिरीत दोर लोंबावा तशी.

मास्तर : या, या वहिनी. म्हणजे, ठेवा आणि निघा. हं-हं. उद्या बघू. हं-हं.

वहिनी : घसा बसला का?

मास्तर : धुरळा आहे. आत गिऱ्हाईक आहे, वहिनी. नंतर या ना.

वहिनी : असलं तर असू दे. मला मोठ्या मुश्किलीने उसंत मिळालीय. हे गेलेत कुठेतरी सकाळी सकाळी, कुणाचा तरी पाणउतारा करायला. तेवढ्यात आले पळत. आणि हे काय? पँट उसवून का ठेवलीत? मी आत घ्यायला सांगितलं होतं, बाहेर काढायला नाही!

मास्तर : वहिनी, हळू...

वहिनी : हळू काय? ही अशी त्यांनी घातली तर घोट्यावर येऊन पडेल. मग काय सांगू? परवा आंघोळ करून आले, बरगडी न् बरगडी मोजून घ्यावी. आरशापुढे उभे राहिले नि म्हणाले, या आरशाचा पारा गेलाय. मला हसू आवरेना, आणि मोरीत जाऊन रडू आवरेना.

मास्तर : अहो, मला हे सांगू नका आत्ता. हात जोडतो.

वहिनी : मग कुणाला सांगू? तुम्ही आणि मी, दोघांनाच ठाऊक आहे. डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. उद्या सकाळपर्यंत हो की नाही कळवा म्हणाले. गाठ कापायची तर आत्ताच, नंतर कापून उपयोग नाही. कापली तर वाचतीलच असंही नाही. मी नाही म्हणून कळवणार आहे.

मास्तर : देवा, माझ्या पांडुरंगा...

वहिनी : देवाला कशाला हाक मारता, त्याला सगळं माहीतच आहे. तुम्हाला आमचे मोठे भावजी आठवतात? यांचे थोरले भाऊ. त्यांना यांनीच सांगितलं, हॉस्पिटलच्या दारात, एका वाक्यात. त्यांना खरं कळलंच पाहिजे म्हणून. भावजी घरी आले, भिंतीकडे तोंड करून झोपले, ते काही उठले नाहीत. मला तसं नको. जितके दिवस आहेत तितके यांनी लोकांना तोडून बोलावं, पेपरवर टीका करावी, आणि माझ्या पोळीला नावं ठेवावीत. चालेल मला. तुम्ही घाला टीप. मी... मास्तर.

मास्तर : काय?

वहिनी : पडद्याखाली बूट कुणाचे दिसतायत?

मास्तर : ते... गिऱ्हाईक...

वहिनी : टाचेला लोखंडी नाल ठोकलेले बूट मी एकाच माणसाचे पुसते.

साहेब : गाठ कुठे आहे?

वहिनी : अहो...

साहेब : कुठे आहे विचारतोय.

वहिनी : जठरात. बाहेर या तुम्ही.

साहेब : पँट मास्तरांकडे आहे.

मास्तर : ही घ्या साहेब. पण उसवलीय, कमरेवर राहायची नाही.

साहेब : राहील. माझ्याच मापाची आहे ती.

वहिनी : ऐका, मी सांगणार होते...

साहेब : केव्हा? तिरडीवर? माझं पोट, माझी गाठ, आणि हो की नाही तू कळवणार! तुझा भाऊ बरा, त्याने गिऱ्हाइकाला छटाकभर फसवलं. तू तर अख्खा माणूस पारड्याखाली चिकटवून ठेवलास. आणि हा शिंपी तुझा साथीदार!

मास्तर : साहेब, मी फक्त सुई चालवली...

साहेब : तुम्ही तोंड उघडू नका. तुमची लायकी तुमच्या फितीवरून कळली.

वहिनी : आला, भाऊ आला! वाटच बघत होते मी. तुमचं खरं होतं त्या दिवशी. मेण होतं, तो चोर होता, मी कधी नाकारलं? पण टाळं लावून आलात आणि पाटावर बसून म्हणालात, वाढ. माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाहीत. तुम्हाला खरं आवडतं हे खोटं आहे हो. तुम्हाला लोकांना पकडायला आवडतं.

साहेब : आणि तुला लोकांना झोपवायला. दादाचं नाव घेतलंस ना? दादा माझ्या सांगण्याने मेला नाही, आजाराने मेला. तुम्हा लोकांना आजाराचा राग येत नाही, सांगणाऱ्याचा येतो.

वहिनी : आणि तुम्हाला? तुम्हाला काट्याचा आला!

साहेब : त्याच्यावर छाप नव्हती! नियम आहे तो, दर वर्षी...

वहिनी : पट्ट्याला दोन भोकं पाडावी लागली, तर म्हणालात चामडं ताणलं. अंगठी साबणाबरोबर मोरीत गेली, तर सोनं झिजलं. घड्याळ कोपराकडे चढतं, तर त्याचा पट्टा रद्दी. काटा भंगारात. आरशाचा पारा गेला. आता मास्तरांची फीत! सगळं जग ढिलं पडलं हो, एक तुम्हीच तेवढे जागच्या जागी.

मास्तर : वहिनी, पुरे आता. आजारी माणूस आहे.

वहिनी : आजारी आहे म्हणूनच. चांगले होते तेव्हा तरी कुणाच्या तोंडात जीभ होती? अहो, तुमची फीत आहे ना खिशात? पोलादी? तिच्यावर छाप आहे?

साहेब : आहे. यंदाची आहे.

वहिनी : मग लावा कमरेला.

साहेब : मला शिकवू नकोस.

वहिनी : जगाच्या पारड्याखाली बोटं घातलीत. एकदा स्वतःच्या घाला. लावा.

मास्तर : साहेब, राहू द्या. काय करायचंय आकड्याला? मी सांगतो, फीत माझीच ताणलेली...

साहेब : मास्तर, तुमची दया तुमच्या खुंटीला टांगा. लावतोय मी. थंड आहे ही.

वहिनी : वाचा.

साहेब : वाचतोय.

वहिनी : आम्हाला ऐकू येईल असं वाचा.

साहेब : थांब. परत लावतो.

वहिनी : लावा. मी आहे इथेच.

(पडद्याआड पोलादी फीत सुटून गुंडाळली जाते. तेवढाच आवाज.)

साहेब : फीत बरोबर आहे.

मास्तर : पाणी आणू का साहेब?

साहेब : नको. कधीपासून चाललंय हे शिवणकाम?

वहिनी : हॉस्पिटलातून आलो त्या आठवड्यापासून. खरंच सांगणार होते मी. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा ओठांवर होतं. तुम्ही बाकावर बसून त्या पोरीची टर उडवत होतात. काटा खोटा, डॉक्टर खोटा, सगळं खोटं. आणि मला, देवाशपथ सांगते, बरं वाटलं. म्हटलं, असेलही खोटा. हा माणूस चाळीस वर्षांत मापाला कधी चुकला नाही. तुमच्या शब्दावर टेकले मी.

साहेब : मूर्ख आहेस.

वहिनी : आहेच.

साहेब : माझ्या शब्दावर टेकलीस! मी त्या काट्याखाली वाकलो ना, छाप बघायला. आकडा आधी दिसला होता. छाप नंतर शोधली.

वहिनी : अहो...

साहेब : इतक्या दुकानदारांना बघितलंय मी. वजन कमी भरलं की पहिलं वाक्य हेच असायचं, साहेब, तुमचाच काटा चुकतोय. मी त्यांच्या तोंडावर हसायचो. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणायचो. मास्तर, हसा आता. हक्क आहे तुमचा.

मास्तर : मला हसायला येत नाही हो. मी लहान माणूस. मला वाटतं, न कळण्यात थोडं सुख असलं तर ते घ्यावं माणसाने.

साहेब : घेतलं की. घेऊन बसलो होतो. टोचत होतं.

वहिनी : ती माया टोचत होती तुम्हाला.

साहेब : तीच म्हणतोय मी.

वहिनी : उद्या काय कळवू त्यांना?

साहेब : तू काही कळवायचं नाहीस. जायचं. डॉक्टरला मी विचारणार, कापलं तर काय, नाही कापलं तर काय, सगळं. मग हो की नाही, माझ्या तोंडाने. आणि तू खोलीत बसायचंस. या खेपेला मी बाकावर जाणार नाही.

वहिनी : भिंतीकडे तोंड करून झोपाल.

साहेब : भिंतीला पोपडे आलेत आपल्या. बघण्यासारखं काय आहे तिथे?

वहिनी : तिथे तोच काटा असेल हं. छाप अजून मारलेली नसेल.

साहेब : नसू दे.

वहिनी : आणि ती नर्सही तीच असेल.

साहेब : असू दे म्हटलं ना. बूट काढून उभा राहतो.

मास्तर : साहेब, मग ही पँट? उसवलेली घालून कसे जाल? बसा पाच मिनिटं, टीप घालून देतो. पण माप... माझी फीत तर तुम्ही बाद केलीत.

साहेब : ही घ्या माझी. या आत आणि नीट बघून घ्या. बोटभर कमी-जास्त सांगाल तर याद राखा.

मास्तर : नाही सांगत. हात वर करा जरा. हं. झालं. बरोबर तेवढंच धरतो. आणि आतली माया? मघाशी कापून टाका म्हणालात.

वहिनी : कापून टाका, मास्तर. टोचते त्यांना.

साहेब : टोचू दे. कापू नका. परत सैल करायची वेळ आली, तर तेवढं कापड आणणार कुठून?